बुंधा खाली, शेंडा वर

ट्रकला तोंड कंपनी देते, पाठ आम्ही द्यायचो. कारखान्यातून येते ती नुसती चेसिस. इंजिन, चाकं आणि ड्रायव्हरला टेकायला एक लाकडी खोकं. त्यावर केबिन, माल भरायचा डाला, मागचा फाळका असं सगळं लाकडात उभं करायचं, त्याला बॉडी बांधणं म्हणतात. चंद्रपुरात मूल रोडला माझी टिनाची शेड होती आणि मी जन्मभर तेवढंच केलं. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं तेव्हा आधी नाही म्हणालो होतो. रंधा मारणाऱ्या हातात पेन दिलं तर तो कागदही सोलून काढायचा. पण एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, ती सांगून मोकळा होतो.

धंद्यात गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. गोंडपिपरीचा एक धानाचा व्यापारी होता. त्याला डाला असा हवा होता की पासिंगच्या दिवशी अरुंद दिसला पाहिजे आणि धान भरायच्या दिवशी रुंद. मी त्याला म्हटलं, भाऊ, लाकूड आहे, पोट नाही. जिवतीकडचा एक ड्रायव्हर आपल्या घराच्या जुन्या दाराची फळी घेऊन आला आणि ही केबिनच्या दारात कुठेतरी बसव म्हणाला. महिना महिना घर दिसत नव्हतं बिचाऱ्याला. निदान निघताना आपल्या दारातून निघाल्यासारखं वाटावं, एवढंच त्याचं म्हणणं. मी ती फळी हँडलच्या खाली बसवली. तो ट्रक मोडीत गेला तेव्हा फळी काढून घ्यायला तोच आला होता.

हे काम मला माझ्या बानं शिकवलं. बा जातीचा सुतार नव्हता. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, पण बाचं शिकणं त्याच्या आधीचं, ज्या काळात आमच्या माणसाच्या हातात पटाशी देणारा कोणी नव्हता. तो आलापल्लीला सॉ मिलवर ओंडके लोटायला होता. दुपारच्या सुट्टीत मिस्त्री झोपले की त्यांचं अर्धवट काम पाहून पाहून तो शिकला. त्याचा एक नियम होता आणि तो त्याला कोणा मिस्त्रीनं नाही, झाडं तोडणाऱ्या एका गोंड म्हाताऱ्यानं सांगितला होता. झाड जंगलात जसं उभं होतं तसंच ते कामात उभं राहिलं पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर.

बाहेरच्या माणसाला वाटेल, कापलेल्या फळीत कसला बुंधा न् कसला शेंडा. पण कळतं. सागाची फळी काढली की तिच्यावर डोंगरासारख्या रेषा उमटतात, एकाच्या पोटात दुसरा डोंगर. त्या डोंगरांची टोकं झाडाच्या शेंड्याकडे असतात. तरी बा दर फळीच्या बुंध्याकडच्या टोकाला गेरूची फुली मारून ठेवायचा. घरांच्या खांबांना हा नियम पुष्कळ लोक पाळतात. उलटा खांब मालकाला खातो असं आमच्याकडे म्हणतात. बा तसलं काही मानणारा नव्हता, पण नियम मोडू द्यायचा नाही. लहानपणी मी एकदा फाळक्याची पट्टी उलटी ठोकली तर त्यानं ती काढायला लावली आणि दिवसभर माझ्याशी शब्द बोलला नाही. आमच्या घरात माराची भीती नव्हती, अबोल्याची होती.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. एक ट्रकमालक सहज बोलता बोलता म्हणाला की गोंडपिपरीच्या पलीकडं एका जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, गोठा पाडून राहिले आहेत आणि त्यात एक लाकडी मोटार सापडली आहे. बानं चहाची बशी खाली ठेवली.

"ते मोटार मी बांधली हाये," तो म्हणाला.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. परदेशी चेसिस, तिच्यावर आलापल्लीच्या सागाची बॉडी. नागपूरहून आणलेला मिस्त्री हिवतापानं पडला आणि काम बानं पुरं केलं. माझी आई होती तोवर हसायची. म्हणायची, तुह्या बानं ताजमहालही बांधला असन, विचारून पाह्य. मीही अर्धंच खरं मानत होतो.

त्या वर्षी बाला काचबिंदू निघाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर येणार नाही आणि उरलेली जाईल. नळीतून पाहावं तेवढंच त्याला दिसायचं, आणि नळी रोज बारीक होत होती. बा मला म्हणाला, "मोटार आण, वसंता. डोये जाच्या आत मले तिच्यात बसून आलापल्लीले जाचं हाये. बांधली मी, पन तिच्यात बसून गेलो नाई कधी."

काऊन नाही बसला, हे आम्ही विचारलं नाही. आमच्या घरी असले प्रश्न विचारायची गरज पडत नाही.

गोठ्यातून मोटार बैल लावून ओढली. मालगुजाराच्या म्हाताऱ्या सूनबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. जागा मोकळी होते आहे यातच त्यांना आनंद. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता. मोटार न्या, अंडी ठेवून जा, एवढीच त्यांची अट. ट्रकवर चढवून आणली तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली की नवरीपेक्षा हिची वरात मोठी निघाली.

मग आम्ही तिघं त्या मोटारीच्या मागं लागलो. दिवसा ट्रकचं काम, संध्याकाळी आणि रविवारी मोटार. इंजिनाचं बल्लारपूरच्या हमीदभाईंनी अंगावर घेतलं. ते दर आठवड्याला येऊन इंजिनाला आधी शिव्या द्यायचे आणि मग त्याची माफी मागून पाने काढायचे. लाकडाचं माझ्याकडे, पॉलिशचं सुमनकडे. बा बाजेवर बसायचा आणि एकेक भाग काढून त्याच्या मांडीवर दिला की तळवा फिरवून सांगायचा, हे ठेव, हे बदल. वाळवीनं पांढरं लाकूड खाल्लं होतं, आतला पिवळा साग जशाच्या तसा.

मी मनातून खूण शोधत होतो. बानं ही मोटार बांधली याचा काही पुरावा, एखादं अक्षर, एखादी रेघ. कुठेही काही नव्हतं. पण मागचे खांब घासून साफ केले, दारांच्या चौकटी साफ केल्या, तेव्हा दिसलं की साफ केलेलं एकूण एक लाकूड बुंधा खाली करून उभं आहे. नागपूरचे मिस्त्री हे पाळत नाहीत. मोटारीत कोण पाळतो? त्या दिवशी मी सुमनला म्हटलं की बा खरं बोलत होता. ती म्हणाली, तुमाले आत्ता समजलं?

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. पुढच्या डाव्या दाराचा खांब, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटला लागून असलेला, बा म्हणाला बदल. त्याच्यावर हिरव्या रंगाचे थर होते. मी ठोकून पाहिला तर टणटणीत. पटाशी घुसेना. मी म्हटलं, बा, हा अजून पन्नास वर्षं जाईल. तो म्हणाला, बदल म्हटलं ना. मी म्हटलं, कारण तरी सांग. तो म्हणाला, लाकूड आण, खूण मी करतो.

म्हातारपणाचा हट्ट, मी समजून गेलो. आलापल्लीच्या डेपोतून आलेल्या सागातली एक फळी त्यानं निवडली, डोळ्याजवळ नेऊन, हातानं चाचपून. बुंध्याच्या टोकाला स्वतः गेरूची फुली मारली. त्याच्या हातची नीट पडलेली ती शेवटची फुली. पुढं त्याला टोकच दिसेना.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. लांबी जास्त होती म्हणून मी फळी दोन्हीकडून कापली आणि गेरू भुशात गेला. असं होतं, त्यात विशेष नाही. अशा वेळी रेषा पाहायच्या आणि बुंधा ठरवायचा. पण बाची नजर भराभर चालली होती आणि मला घाई होती. जो खांब बदलायचीच गरज नाही त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा, असंही मनात होतं. मी जुना खांब काढून घासला, टेबलावर नव्याच्या शेजारी आडवा ठेवला आणि जुन्याच्या रेषा जिकडे जातात तिकडेच नव्याच्या करून खाचा पाडल्या. बा चुकत नाही हे मला पाठ होतं. पाच खांब पाहिले होते, सहावा गृहीत धरला. टेबलावर आडवं पडलेलं लाकूड ना उभं असतं ना उलटं.

बानं विचारलं होतं, "खूण पाह्यली ना?"

मी रंधा मारता मारता "हो" म्हटलं.

खांब बसला, सरस भरला, स्क्रू गेले, दार लागलं. सुमननं स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे लाख, भिजवून पॉलिशचा हातावर हात चढवायला सुरुवात केली. चपडा चढला की लाकडातल्या रेषा पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. तिसऱ्या हाताला ती थांबली. मला हाक मारली नाही, जवळ येऊन हळूच बोलली.

"अवो, या खांबाचे डोंगर खाली तोंड करून हायेत."

मी पाहिलं. होते. मी धावत जाऊन जुना खांब आणला, त्याच्या बिजागरीच्या खाचा पाहून तो उभा धरला. त्याचेही डोंगर खालीच होते. बानं चाळीस वर्षांपूर्वी हा एक खांब उलटा लावला होता. मला हसू आलं. अरे, म्हटलं, म्हणून म्हातारा बदल बदल करतो होय. एवढ्याशा चुकीची लाज. आणि आपण पुन्हा तीच चूक करून ठेवली.

दोन दिवसांनी आलापल्लीला निघायचं ठरलं होतं. खांब काढायचा तर दार, छपराची पट्टी, सगळं उकलणं आलं. महिना गेला असता आणि बाच्या डोळ्यांकडे महिना आहे का, कोणाला ठाऊक. परत आल्यावर गुपचूप बदलू असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्याला ते दिसणार नव्हतं. चपडा चढलेल्या लाकडावर हातालाही कळत नाही.

माघाचे दिवस होते. मी चालवायला, शेजारी बा, मागं सुमन डब्यासकट. बानं पांढरं धोतर नेसलं होतं. बल्लारपूर गेलं, गोंडपिपरी गेली, वाटेत लोक सायकलवरून उतरून पाहत होते. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि पुढं सागाचं जंगल लागलं. रस्त्यावर सागाची वाळकी पानं पडली होती, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. बानं काच खाली करायला लावली.

"साग सुरू झाला," तो म्हणाला. त्याचा डावा हात दाराच्या खांबावर होता. निघाल्यापासून तो हात त्यानं काढला नव्हता.

मग तो आपणहून बोलायला लागला. बॉडी पुरी होत आली होती. दार बरोबर बसलं की नाही हे आत बसून, ओढून पाहावं लागतं. त्याशिवाय मिस्त्रीला समजत नाही. म्हणून बा या पुढच्या सीटवर बसला आणि दार ओढून पाहत होता. तेवढ्यात मालगुजार आला. तो ओरडला नाही, रागावला नाही. गड्याला म्हणाला, गादी धुऊन घे. बाच्या समोर ती गादी काढली, विहिरीवर नेली, दोनदा धुतली. बाला सांगितलं, दार बाहेरूनच ओढून पाहत जा.

"दुसऱ्या दिवशी दार उतरवून कच्च्या खांबाच्या जागी हा शेवटचा पक्का खांब लावाचा होता," बा म्हणाला. "त्याच्या सीटपाशीचा. मी जाणून उलटा लावला. लोक म्हनत, उलटा खांब मालकाले खाते. म्हटलं, खाऊ दे."

मी गाडी हळू केली होती.

"मालगुजाराले काई झालं नाई. म्हातारा होऊन, नातवंडं पाहून मेला. खाल्लं ते मलेच. राग त्याच्यावर होता, काढला लाकडावर. लाकडाचा काय दोष? जिंदगीत तेवढं एक काम मी खोटं केलं, वसंता. तेवढंच सरळ कराचं होतं."

मग खांबावर बोटं वाजवून म्हणाला,

"आता सरळ उभा हाये ना?"

त्याच्या बोटांशेजारी, सुमनच्या पॉलिशखाली, ते डोंगर खाली तोंड करून चकाकत होते. मला दिसत होते, त्याला दिसत नव्हते.

"सरळ हाये, बा," मी म्हणालो.

आलापल्लीला त्यानं डेपोत ओंडक्यांच्या रांगांतून हात फिरवत चक्कर मारली. सॉ मिलचा आवाज ऐकत डबा खाल्ला. परत निघताना म्हणाला, आता डोये गेले तरी चालते. मी तोंड फिरवून इंजिनाचं झाकण उघडलं. इंजिनाला काही झालं नव्हतं.

आठ दिवस मी त्याच्यासमोर जायचं टाळत राहिलो. शेवटी सुमन म्हणाली, "तुमी नाई सांगत तर मी सांगतो मामाजीले." ती सांगेल याची मला खात्री होती. मी बाच्या बाजेपाशी खाली बसून सगळं सांगितलं. भुशात गेलेला गेरू, घाई, टेबलावर ठेवलेला जुना खांब, आणि गाडीत बोललेलं खोटं. त्यानं ऐकून घेतलं. दोन दिवस तो बोलला नाही. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, दोन पोरींचं लग्न केलेला, पण ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत शेडमध्ये आला. तोवर नजर जवळजवळ गेलीच होती. "म्या राग केला, तू घाई केली," तो म्हणाला. "लाकडाले दोन्ही सारखंच. फळी आण."

यावेळी सगळं त्यानं केलं, मी फक्त त्याच्या हाताला हात लावला. फळीत एक बारीक गाठ होती. गाठ म्हणजे फांदीचं मूळ, आणि फांदी वर जाते. त्या गाठीवर बोट फिरवून त्यानं बुंधा ठरवला आणि मला रेषा पाहून सांग म्हणाला. मी सांगितलं, बरोबर आहे. त्यानं सुमनला बोलावलं, तिलाही पाहायला लावलं. माझ्या एकट्याच्या शब्दावर त्यानं भरवसा ठेवला नाही, आणि ते योग्यच केलं. खांब खाचेत बसताना टक्क आवाज आला तेव्हा त्यानं वरून खालपर्यंत हात फिरवला. गालावरून पोराच्या फिरवतात तसा. मी शिकंजे आवळले.

बाच्या हाताच्या चालीनं महिन्याचं काम लांबलं, आणि सरस वाळून दार, छप्पर पुन्हा जुळेपर्यंत मृग लागला. आलापल्लीचा रस्ता पावसात भरवशाचा नसतो. मी म्हटलं, बा, तोवर शेडमध्येच बस थोडा वेळ तिच्यात. तो म्हणाला, "उभ्या गाडीत चौकीदार बसते. मी चालत्या गाडीत बसीन. दिवाळी झाली का जाऊ."

पोळा झाला आणि आठ दिवसांत बा गेला. झोपेत गेला, त्रास काही झाला नाही. लोक म्हणाले, पुण्यवान. मला एवढंच दिसत होतं की तो चालत्या मोटारीत एकदाच बसला आणि त्या दिवशी खांब माझ्या हातानं उलटा होता. सरळ खांबाशेजारी तो बसलाच नाही. रंधा दोन मिनिटं थांबवून मी फळीकडे पाहिलं असतं तर बसला असता.

आता बॉड्या लोखंडाच्या होतात. वेल्डिंगवाले दोन दिवसांत डाला उभा करतात आणि लोखंडाला बुंधा नसतो, त्यामुळे चूकही होत नाही. माझी शेड मी भाड्यानं दिली. फक्त मागचा कोपरा ठेवला आहे. तिथं मोटार उभी असते, आणि भिंतीला टेकून ते दोन काढलेले खांब, एक बाचा, एक माझा. दोन्ही मी बुंधा खाली करून ठेवले आहेत.

दिवाळी झाली की एक दिवस मी आणि सुमन आलापल्लीला जातो. सुमन मागंच बसते. पुढं ये म्हटलं तर म्हणते, मले मागून बरं दिसते. आष्टी गेलं, सागाचा वास आला की मी गाडी हळू करतो. शेजारची सीट रिकामी असते. खांबावरचे डोंगर वर टोकं करून उभे असतात. कोणी विचारलेलं नसतं, तरी मी मोठ्यानं सांगतो.

"सरळ हाये, बा."